मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांत फरक काय? वडिलांना आधी कोणाकडे न्यावे?

तुम्ही लिहिले आहे की, वडिलांचे बोलणे गेल्या दोन महिन्यांत फार कमी झाले आहे, त्यांना पहाटे तीनलाच जाग येते आणि ऐन आंब्याच्या दिवसांतही ते बागेकडे फिरकत नाहीत. मी डॉक्टर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेत माझे औषधांचे दुकान आहे, आणि दोन्हीकडे जाऊन आलेली माणसे बावीस वर्षे माझ्यासमोर चिठ्ठी ठेवत आली आहेत, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

घोळ आपल्या शब्दांपासूनच सुरू होतो. 'मानसोपचारतज्ज्ञ' हे नाव ऐकले की वाटते, समोर बसवून, बोलून उपचार करणारा तो हाच. पण मराठीत हा शब्द रूढ झाला तो सायकिअॅट्रिस्टसाठी, म्हणजे औषध देणाऱ्या डॉक्टरसाठी, आणि त्यालाच काही जण मनोविकारतज्ज्ञ म्हणतात. सायकॉलॉजिस्ट तो मानसशास्त्रज्ञ किंवा मानसतज्ज्ञ. त्यात कोणी पाटीवर नुसते 'मनोतज्ज्ञ' लिहून ठेवले, तर माझ्यासारख्यालाही बोध होत नाही. म्हणून नाव सोडून द्यावे आणि खालची पदवी वाचावी. एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला तो मानसोपचारतज्ज्ञ. मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी केलेला तो मानसशास्त्रज्ञ. त्यातही ज्याने नंतर चिकित्सा मानसशास्त्राचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतले आणि ज्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे, त्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून समुपदेशकाची पाटी लावणारेही आहेत, आणि ती पाटी लांबून तशीच दिसते.

माझ्या काउंटरवर हा फरक एका वहीत दिसतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या सवय लागू शकणाऱ्या गोळ्या औषध नियमांतल्या 'एच-वन' सूचीत येतात. त्या देताना चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या मला वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. त्या वहीत मानसशास्त्रज्ञाचे नाव कधीच येत नाही, कारण आपल्याकडे त्याला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. कोणी मानसशास्त्रज्ञाने कागदावर गोळीचे नाव लिहून दिले, तर तो कागद मी परत करतो.

पण दोघांतला फरक नुसता गोळीचा नाही. मानसोपचारतज्ज्ञ आधी डॉक्टर असतो, त्यामुळे मनाच्या तक्रारीमागे शरीर आहे का, हे तो तपासू शकतो. हे मी घरच्या अनुभवाने सांगतो. माझा धाकटा भाऊ असाच गप्प झाला होता, आणि आम्ही त्याला चार महिने एका समुपदेशकाकडे नेत राहिलो. पुढे एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले, तेव्हा थायरॉइडचे काम मंदावल्याचे कळले. औषधविक्रेत्याच्या घरात हे व्हावे, याची मला अजून लाज वाटते. 'ब-१२' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मन खालावू शकते. भास होणे, विनाकारण संशय घेणे, दिवसेंदिवस न झोपताही अंगात उधाण असणे, अशा गोष्टी असतील तर थेट मानसोपचारतज्ज्ञच गाठावा.

मानसशास्त्रज्ञाचे काम सावकाशीचे असते. बरेचदा आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते तास, आणि असे काही महिने. तो बुद्धिमत्तेच्या आणि व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घेतो, शिवाय विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर ठरावीक पद्धतीने काम करतो. नैराश्यात 'मन लागले की बागेत जाईन' असे माणूस म्हणतो. मानसशास्त्रज्ञ ते उलटे फिरवतो. पहिल्या आठवड्यात फक्त गडग्यापर्यंत जाऊन यायचे, पुढच्या आठवड्यात दोन कलमे पाहून यायची, आणि प्रत्येक वेळी बरे वाटले की नाही ते लिहून ठेवायचे. ऐकायला पोरकट वाटते, पण सौम्य आणि मध्यम नैराश्यात अशा पद्धतींचा उपयोग सिद्ध झालेला आहे. मंत्रचळात, म्हणजे पुन्हापुन्हा हात धुणे, कडी तपासणे यांत, गोळ्या चालू असल्या तरी हे काम बहुधा लागतेच.

तुमच्या वडिलांचे वय, पहाटेची जाग आणि दोन महिन्यांचा काळ पाहता मी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेईन आणि त्यांच्याच सल्ल्याने पुढे मानसशास्त्रज्ञ जोडून घेईन. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून पाकीट परत आणणारे मला दर महिन्याला भेटतात. घरच्यांना देवाला कौल लावायचा असेल तर लावू द्यावा, त्यावरून वाद घालू नये, मात्र त्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नये.

जगण्यात अर्थ नाही असे काही ते बोलले, तर तारखेचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. फवारणीची औषधे आजच बागेच्या खोपीतून हलवून कुलपात ठेवा. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येईल, आणि रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. 'रत्नागिरीला पाठवायला हवा' ही आमच्याकडची थट्टा आहे खरी, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. दाखवायला नेले म्हणजे ठेवून घेतले, असे नाही.

जाताना वडिलांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, ज्या काही गोळ्या चालू असतील, त्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. 'ती सकाळची पांढरी गोळी' एवढ्यावरून मला ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही येणार नाही.