कामाच्या ठिकाणचे धोके कसे ओळखायचे? कामगार सांगूनही सेफ्टीचे नियम पाळत नाहीत, काय करावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वर्कशॉपच्या सेफ्टीची जबाबदारी नवीनच तुमच्याकडे आलीय, हेल्मेट, हातमोजे, गॉगल वाटून झाले, भिंतीवर बोर्ड लावले, तरी लोकांचा निष्काळजीपणा जात नाही. त्या एका शब्दापायी उत्तर लिहायला बसलोय.

मी मेंटेनन्स फिटर, २२ वर्षं झाली. सुरुवातीची ९ वर्षं एका प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे जुन्या पिन क्लचच्या पॉवर प्रेस होत्या, म्हणजे पत्रा कापायच्या, दाबायच्या मशीन. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पायाने पेडल दाबलं की पिन फिरत्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे प्रेसच्या जड चाकात बसते, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येऊन वर जातो आणि वर पोचला की लॅच (खिट्टी) ती पिन बाहेर ओढतो, मग प्रेस थांबते. म्हणजे लॅच आणि त्याची स्प्रिंग धड असेल तरच थांबते. स्प्रिंग सैल झाली किंवा लॅच झिजला तर पिन बाहेर येत नाही आणि पाय पेडलवर नसतानाही रॅम परत खाली येतो. आम्ही त्याला डबल स्ट्रोक म्हणायचो. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस असेल तर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात हात काढून घेणारा माणूस मी तरी बघितला नाही.

तिथे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या प्रेसने एकाच आठवड्यात दोनदा डबल स्ट्रोक मारला. दोन्ही वेळा मामांनी मला बोलावून दाखवलं, मी दोन्ही वेळा रजिस्टरला लिहिलं आणि सुपरवायझर साहेबांना तोंडी सांगितलं की स्प्रिंग बदलायचीय, अर्धा तास प्रेस बंद द्या. ते म्हणाले, आधी हा लॉट निघू दे, मामांना सांग पाय नीट ठेवा. तिसऱ्या वेळी मामा डायमध्ये, म्हणजे रॅमखालच्या साच्यात, अडकलेला जॉब (बनणारा तुकडा) बोटाने काढत होते. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

रिपोर्टमध्ये काय लिहिलं माहितीये? 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा, हातमोजे घातलेले नव्हते.' रॅमखाली हातमोजा काय करणार हो? रिपोर्टवर तीन सह्या होत्या आणि त्यातल्या एकालाही हा प्रश्न पडला नाही. दुसऱ्या दिवशी ती स्प्रिंग मीच बदलली, अर्धा तासही लागला नाही. साहेबांशी त्यावरून माझं भांडण झालं. ते म्हणाले मशीनला अक्कल नसते, माणसाने बघून काम करायला पाहिजे. मी म्हणालो मामांनी बघितलं होतं, दोनदा बघितलं होतं, म्हणून तर मला बोलावलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, आणि पुढे मी तिथे असेपर्यंत माझ्याशीही कामापुरतंच बोलले.

आता तुमच्या प्रश्नाचं. धोके ओळखायचे तर चेकलिस्ट घेऊन फिरण्याआधी एक करा, जिथे जिथे जुगाड दिसेल तिथे थांबा. लिमिट स्विचवर चिकटपट्टी, बटणात खुपसलेली लाकडाची खुंटी, गार्ड काढून मशीनमागे उभा करून ठेवलाय, असलं काही दिसलं की ओरडू नका, तो का काढला ते विचारा. दहातल्या नऊ वेळा उत्तर मिळेल की गार्ड लावून जॉब आत जातच नाही किंवा टार्गेट होत नाही. म्हणजे गार्ड चुकीचा बनलाय. तो बदला, माणसाला मेमो देऊन काही होणार नाही. दुसरं, मशीन सुरळीत चालू असताना बघून फार काही कळत नाही. जॉब अडकतो तेव्हा, डाय बदलताना, साफसफाई करताना, शिफ्ट संपायच्या घाईत जाऊन उभे राहा. आणि ऑपरेटरला एकट्याला गाठून विचारा, या मशीनची भीती कधी वाटते? सेफ्टीचे नियम सांगा म्हटलं तर तो पाठ केलेलं म्हणून दाखवेल, भीतीबद्दल विचारलं तर खरं बोलेल.

बंदोबस्त करायचा तर आधी हात आत जायची गरजच काढून टाका. ब्लँक, म्हणजे कापलेला कोरा पत्रा, घसरून डायमध्ये जाईल अशी उतरण द्या, जॉब हवेने बाहेर फेकला जाईल असं करा, डायची उघडी फट ६ मिलिमीटरच्या आत आणता आली तर बोट शिरतच नाही. ते जमत नसेल तर पक्का गार्ड, त्यानंतर चिमटा, आणि नियम, बोर्ड, हातमोजे सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीय, रागावू नका पण खरं तेच आहे. अजून एक, कोणी लाइट कर्टन (हात आत आला की प्रकाशाच्या किरणांनी ओळखून मशीन थांबवणारं उपकरण) विकायला आला तर आधी क्लच कुठला ते बघा. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की मध्ये थांबवता येत नाही, तिथे लाइट कर्टनला हात दिसून काही उपयोग नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. आणि स्विच बंद झाला तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, म्हणून ते थांबेपर्यंत थांबायचं आणि रॅम खाली येऊ नये म्हणून डायमध्ये सेफ्टी ब्लॉक ठेवायचा. हे मी प्रत्येक नव्या फिटरला पहिल्या दिवशी शिकवतो.

आवाजाचं थोडक्यात, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथे ८५ डेसिबलच्या आसपास आहे असं धरा. तेवढ्या आवाजात ८ तासांची शिफ्ट ही हद्द आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, ८८ ला ४ तास, ९१ ला २. मी सुरुवातीला कानात काही घातलं नाही, आता डाव्या कानाने कमी ऐकू येतं. टाकी किंवा खड्ड्यात उतरायचं काम असेल तर वासावर अजिबात विसंबू नका. आत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असला तरी नाकाला कळत नाही, मीटर लावून मोजल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका. आणि आत कोणी पडला तर तसंच मागोमाग उडी मारून जायचं नाही.

हे वाचून हातमोजे, गॉगल बिनकामाचे असं समजू नका. ग्राइंडिंगला गॉगल हवाच, पत्रा उचलताना हातमोजे हवेतच. फक्त ड्रिल मशीनवर हातमोजे घालू देऊ नका, फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात ओढून नेतो. आणि माणूस चुकतच नाही असंही माझं म्हणणं नाही, मीही चुकलोय, मामाही कधीतरी चुकले असतील. पण थकलेला माणूस दिवसात एकदा तरी चुकणार हे धरूनच मशीन उभी करायची असते.

तुमच्याकडे रिपोर्ट लिहायचं काम येईल तेव्हा एक करा. निष्काळजीपणा लिहायच्या आधी मेंटेनन्सचं रजिस्टर मागवून मागचे दोन महिने वाचा. मामांच्या वेळी ते टेबलावरच पडलं होतं, माझ्या अक्षरातल्या दोन्ही नोंदी त्यात होत्या.