वाचकांचे प्रश्न : गणपतीत खोली रिकामी करायची?

प्रश्न : मुलीला दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळालाय. वसतिगृहात जागा नाही, म्हणून तिघींनी मिळून एका घराची मागची बाजू बघितली आहे. भाडं ६००० रुपये, अनामत १५,०००. मालक मुंबईला असतात. त्यांनी नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार पाठवलाय आणि 'अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायला नको' म्हणतात. 'गणेशोत्सवात जागा मोकळी करून द्यावी' अशीही अट आहे. सही करू का? (एक पालक, देवगड)

उत्तर : एवढ्यात नको. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षभरापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही, त्यातून हा अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद उद्भवला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवणं मालकावर येतं. हे त्यांना गोडीत सांगा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज १३७५, मिळून ६७,३७५. यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेदोनशेच्या घरात. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५००, शहरी भागात १०००. ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्यावर होते, मालकांना त्यासाठी गावी यावं लागत नाही. एजंट घरी मशीन घेऊन आला तर त्याची फी वेगळी. ती कोण देणार ते आधीच ठरवा.

सहीआधी असेसमेंटचा उतारा, म्हणजे घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद, मागा. गावच्या घरांची घरपट्टी पुष्कळदा अजून आजोबांच्या नावावर असते आणि हिस्सेदार चार. करार एका भावाने केला आणि मे महिन्यात दुसरा कुटुंबासह दारात उभा राहिला, तर मुलींची पंचाईत. इतर हिस्सेदारांची लेखी संमती घ्यायला लावा.

आता गणपती. मालकांची गरज खरी आहे, चाकरमान्यांनी घर भरतं. पण 'मोकळी करून द्यावी' याचा अर्थ काय? सामानासकट? किती दिवस? भाडं चालूच? अट खोडू नका, नेमकी करून घ्या. उदाहरणार्थ : 'भाद्रपद शुद्ध तृतीयेपासून गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पुढची खोली व न्हाणीघर मालक वापरतील. आतली खोली कुलूपबंद राहील, सामान तिथेच राहील. तेवढ्या दिवसांचं भाडं दिवसाला २०० रुपयांप्रमाणे वजा होईल.' तिथी दर वर्षी सरकते, म्हणून शेजारी इंग्रजी तारखाही घाला. त्या आठवड्यात परीक्षा आली तर काय, तेही आत्ताच बोलून घ्या.

प्रश्न : चिपळूणला आम्ही चौघं राहतो. एक जण कोर्स सोडून गेला, मालक त्याचा वाटा आमच्याकडे मागतात. भिंती काळ्या पडल्या म्हणून रंगाचे ७००० रुपयेही अनामतीतून कापणार म्हणतात. (एक विद्यार्थी)

उत्तर : करार काढून 'संयुक्तपणे व पृथकपणे' हे शब्द शोधा. ते असतील तर पूर्ण भाडं कोणाही एकाकडून मागता येतं, मालकांचं चूक नाही. बदली मुलगा आणता येईल अशी अट हवी होती. आता मालकांच्या संमतीने पुरवणी करार करा, नुसता व्हॉट्सॲपवरचा 'चालेल' पुरेसा नाही.

रंगाचं वेगळं. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल ओढते, गिलाव्यावर पांढरा क्षार फुलतो, मागून बुरशी. खोलीत कपडे वाळवल्याने ती वाढते, तेवढा तुमचा भाग कबूल करा. पण बाहेरून किंवा छपरातून आलेली ओल हा इमारतीचा दोष आहे. कापलेल्या रकमेचं बिल मागा. 'नेहमीच्या वापराने झालेली झीज वगळून' हे शब्द करारात असले तर तुमची बाजू भक्कम. राहायला जाताना तारखेसह फोटो काढले असतील तर निम्मा वाद मिटतो.

पुढच्या वेळी खोली कोरड्या मे महिन्यात बघितलीत तर जमिनीपासून हातभर उंचीचा भाग नीट बघा : फुगलेला रंग, ताजा मारलेला पट्टा. आणि तळमजला असेल तर २२ जुलै २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर होतं, हे मालकांना नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा.

प्रश्न : माझं वय १७ आहे, डिप्लोमाला आहे. करारावर सही मीच करायची का?

उत्तर : नाही. १८ पूर्ण झाल्याशिवाय केलेला करार कायद्याने ग्राह्य नाही. सही आई-वडिलांची, तुमचं नाव राहणाऱ्यांच्या यादीत. मुदत संपायची तारीख मात्र तुम्हीच लक्षात ठेवा : त्यानंतर जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई लागू होते, आणि ती सही करणाऱ्याच्या गळ्यात पडते.