वॉर्ड, घर आणि शाळा सांभाळून संशोधन करता येईल का?

स. न. वि. वि.

तुमचे सांगलीहून आलेले पत्र काळजीपूर्वक वाचले. मेडिसिनमध्ये एम.डी. केल्यानंतर तुम्ही मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवता आणि वॉर्डही सांभाळता. मुलगी सातवीत व मुलगा तिसरीत आहे. यजमान नोकरीसाठी रोज कोल्हापूरला जाऊन-येऊन करतात. मुलांच्या शाळेत तुम्ही पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर आहात, आणि एवढे सगळे असूनही संशोधनाची ओढ तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही. पूर्णवेळ संशोधनासाठी पुण्याला जावे, की मुले दहावी-बारावी होईपर्यंत हा विचार बाजूला ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते या दोन्हींपैकी काहीही करू नये. संशोधन मिरजेतच, याच वर्षी आणि तुमच्या वॉर्डात आपणहून येणाऱ्या प्रश्नावर सुरू करावे.

तो प्रश्न तुमच्या पत्रातच आहे. पावसाळ्यात, विशेषतः कृष्णेचा पूर ओसरल्यावर, ताप, अंगदुखी आणि कमी झालेल्या प्लेटलेट घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आलेले काही जण थेट मूत्रपिंडाच्या त्रासापर्यंत का जातात आणि ते आधी ओळखता येईल का, असे तुम्ही लिहिता. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या आणि मूत्रपिंडावर परिणाम करू शकणाऱ्या जिवाणूजन्य तापाच्या, अशा अभ्यासासाठी तुमच्या वॉर्डाइतकी योग्य जागा पुण्यात मिळणार नाही. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुधा ‘शेतकरी’ एवढेच लिहिलेले असते. तो माणूस उसात भांगलताना अनवाणी चिखलात उभा होता, गोठ्यातले शेणमूत काढत होता, की पुरानंतर घरातला गाळ उपसत होता, हे कोणी विचारलेले नसते. हे प्रत्येक रुग्णाला नेमाने विचारून एकाच पद्धतीने नोंदवले, तर पहिल्या पावसाळ्यातच तुमच्या हाती काहीतरी ठोस येईल. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुग्ण तपासत असतानाच विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचाही त्या संशोधनात वाटा आहे.

मात्र रिकाम्या वेळात संशोधन करू, हा तुमचा बेत मला पटत नाही. लेप्टोचे प्रतिपिंड, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेली प्रथिने, पहिल्या आठवड्यात अनेकदा सापडत नाहीत, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी रक्ताचा दुसरा नमुना घेऊन त्यांची पातळी चौपट वाढली का, ते पाहावे लागते. पलूस किंवा वाळव्याचा रुग्ण एकदा बरा होऊन घरी गेला, की तो दुसऱ्या नमुन्यासाठी परत यावा म्हणून कोणीतरी फोन करायला हवा, त्याचे एस.टी.चे भाडे द्यायला हवे आणि नमुना नीट साठवायला हवा. रात्री मुले झोपल्यावर होणारे हे काम नाही. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) लहान अनुदानासाठी अर्ज करा, त्यात एका प्रकल्प सहायकाचा पगार धरा, आणि आठवड्यातून एक दुपार संशोधनासाठी राखून ठेवल्याचे विभागप्रमुखांकडून ड्युटी लिस्टवरच लिहून घ्या. तोंडी कबुली पहिल्याच गर्दीच्या ओपीडीत विरून जाते.

पीएच.डी.ची घाई नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार ती अर्धवेळ करता येते, महिलांना मुदतीत दोन वर्षांपर्यंत जादा सवलत मिळू शकते आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. विद्यापीठाचे स्वतःचे नियम तेवढे आधी पाहून घ्या.

घराबद्दल तुम्ही थोडेच लिहिले आहे, पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. मुलाला ताप आला, डबा विसरला, रिक्षावाले काका आले नाहीत, की शाळेचा फोन तुम्हालाच येतो, कारण शाळेच्या नोंदवहीत तुमचाच क्रमांक पहिला आहे. संशोधनाच्या दुपारी यजमान कोल्हापुरात असतात, म्हणून त्या दिवसापुरता सासूबाईंचा किंवा शेजारच्या विश्वासू पालकांचा क्रमांक वर्गशिक्षिकेकडे देऊन ठेवा, आणि त्या संध्याकाळचा अभ्यास व जेवण पूर्णपणे यजमानांकडे सोपवा. अर्धी जबाबदारी तुमच्याकडे राहिली, तर लक्षही अर्धेच राहील.

शाळेच्या कामाबाबत मात्र मला थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. शाळेने मुलींची हिमोग्लोबिन तपासणी करून देण्याची विनंती केली आहे आणि त्यातूनच एखादा शोधनिबंध होईल, असे तुम्हाला वाटते. तपासणी अवश्य करा. मुलींना तिची गरज आहे आणि तुमच्यासारखी डॉक्टर पालक लाभणे हे त्या शाळेचे भाग्य आहे. पण ती माहिती निबंधासाठी वापरायची असेल, तर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आधी हवी, प्रत्येक पालकाची लेखी संमती हवी, आणि आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरील मुलींची स्वतःची मान्यताही हवी. मुख्याध्यापकांचे पत्र या संमतीची जागा घेऊ शकत नाही. त्यातही तुम्ही पालक-शिक्षक संघाच्या समितीवर आहात. जिच्याशी रोज गेटवर भेट होते, जी समितीत आपल्या मुलांविषयी बोलते, तिला नाही म्हणणे एखाद्या आईला फार जड जाईल. म्हणून सेवा आणि संशोधन निदान या शाळेत तरी वेगळे ठेवा. समितीतही आरोग्याचे काम तेवढे स्वतःकडे ठेवून स्नेहसंमेलन आणि सहलीची जबाबदारी दुसऱ्यांना द्या, कारण स्नेहसंमेलनाच्या तयारीचे दिवस आणि पावसाळ्यात जमवलेली माहिती लिहून काढण्याचे दिवस एकच असतील.

आता वेळेचा हिशेब पाहा. जुलैत पहिला रुग्ण नोंदवायचा असेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी जूनअखेर हातात हवी, आणि समितीने शंका काढून प्रस्ताव एकदा तरी परत पाठवला, असे धरून चालावे. त्यामुळे पूर्ण प्रस्ताव मार्चअखेर दाखल करा. त्याआधी विभागप्रमुखांना आणि मायक्रोबायॉलॉजीच्या सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी दोन पानी टिपण लिहा. त्यात प्रश्न, रुग्णनिवडीचे निकष, दोन्ही नमुन्यांचे वेळापत्रक आणि ते कोठे तपासले जातील, एवढेच असू द्या. टिपण मला पाठवलेत, तर मी आनंदाने वाचून कळवीन.