घरच्या एस्प्रेसोसाठी इन्सुलेटेड कप किती मिलीचा घ्यावा?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: घरी एस्प्रेसो मशीन आलंय, सकाळी कॅपुचिनो किंवा लाटे होतो, दुपारी कधीतरी नुसता एस्प्रेसो, तर या सगळ्यासाठी ३५० मिलीचा एकच इन्सुलेटेड कप घेतला तर चालेल का?

कॉफी त्यात मावेल, पण तो घेऊ नका. एकच कप घ्यायचा असेल तर काठोकाठ १८० ते २०० मिली मावणारा घ्या. दोन घेता आले तर दुसरा ८०-९० मिलीचा, नुसत्या एस्प्रेसोसाठी. कॅपुचिनोपेक्षा लाटेच जास्त होत असेल तर १८०-२०० ऐवजी २८०-३०० चा. ३५० आणि त्यापुढचे कप बर्फ घातलेल्या कॉफीचे आहेत.

हे आकडे कसे आले ते सांगतो, म्हणजे तुमच्या शॉटप्रमाणे (शॉट म्हणजे मशीनमधून एका वेळी निघणारा एस्प्रेसो) हिशेब तुम्हालाच मांडता येईल.

इटलीतल्या एस्प्रेसो संस्थेने ठरवून दिलेला एस्प्रेसो ७ ग्रॅम कॉफीतून निघणारा २५ मिलीचा असतो, आणि त्यासाठी त्यांनी सांगितलेला कप ५० ते १०० मिलीचा. म्हणजे पेय २५ चं आणि कप निदान दुप्पट. घरी आपण बहुतेक जण डबल शॉट काढतो: १८ ग्रॅम पूड, ३६ ते ४० ग्रॅम कॉफी. हे वजन झालं. ताज्या भाजलेल्या बियांचा शॉट असेल तर क्रेमामुळे, म्हणजे वर येणाऱ्या सोनेरी फेसामुळे, तोच शॉट सुरुवातीला ५०-६० मिलीच्या खुणेपर्यंत चढलेला दिसतो आणि मग हळूहळू खाली बसतो. त्यामुळे ६० मिलीचा कप डबल शॉटला कागदावर पुरतो, प्रत्यक्षात क्रेमा काठाला येतो आणि कप उचलताना हात जपावा लागतो. ८०-९० मिली म्हणण्याचं कारण एवढंच.

दुधाच्या कॉफीत आणखी एक गोष्ट धरावी लागते. वाफेवर दूध फुगतं. त्याच इटालियन मापात कॅपुचिनोसाठी १०० मिली थंड दूध फेसाळल्यावर १२५ मिली होतं, त्यात २५ मिली एस्प्रेसो मिळून १५०, आणि कप १५०-१६० मिलीचा. तुमचा शॉट ४० चा असेल तर १०० मिली दुधाचा कॅपुचिनो १६५ च्या घरात जातो. फेस जास्त आवडत असेल तर त्याच दुधाचे १४०-१५० मिलीही होतात. म्हणून १८० ते २००. फ्लॅट व्हाइट, म्हणजे कमी फेसाची दुधाची कॉफी, याच कपात बसतो, त्याचा फेस पातळ असतो म्हणून उलट थोडी जागा उरते. कोर्टाडो, म्हणजे कॉफी आणि दूध जवळपास सारखंच, १२०-१३० मिलीच्या ग्लासात छान लागतो. पण त्यासाठी मुद्दाम वेगळा इन्सुलेटेड कप घेण्याची गरज नाही. तो चार-पाच मिनिटांत संपतो. लाटेला १८० मिली दूध घेतलंत तर फुगून ते २२० होईल, वर शॉट धरून २६०. यावरून २८०-३००.

आता खरी अडचण. खोक्यावर छापलेलं माप आणि कपात वापरता येणारं माप यांत फरक असतो. छापलेला आकडा बहुतेक वेळा काठोकाठ भरल्यावरचा असतो. झाकणाचा टंबलर असेल तर झाकणाचा आतला भाग खाली उतरतो, तिथे कॉफी असेल तर ती पिण्याच्या भोकातून बाहेर येते. ७ सेंटिमीटर रुंद तोंडाच्या कपात वरचा एक सेंटिमीटर रिकामा सोडला तर ३८ मिली जागा जाते. म्हणजे जवळजवळ अख्खा एक डबल शॉट! झाकण लावून पिणार असाल तर माझ्या वरच्या आकड्यांत ३०-४० मिली मिळवा. उघड्या कपातून पिणार असाल तर मिळवू नका.

माप औंसात दिलं असेल तर एक औंस साधारण ३० मिली धरा. ६ औंस म्हणजे १७७, ८ औंस म्हणजे २३७, १२ औंस म्हणजे ३५५. यातला ६-७ औंसाचा कॅपुचिनोला, १० औंसाचा लाटेला. इन्सुलेटेड कपांत ८ आणि १२ औंस हेच जास्त दिसतात, म्हणून लोक नाइलाजाने तेच घेतात. थोडं शोधलं की लहान मिळतात.

कप घेण्याआधी घरातल्याच एखाद्या आवडत्या कपावर प्रयोग करा. कप वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि तुम्ही नेहमी जितका भरता तितकं पाणी ओता. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिली. बहुतेकांना इथे आश्चर्य वाटतं. डोळ्यांना २०० वाटणारा कप १५० चा निघतो, आणि ज्याला आपण छोटा मग म्हणतो तो ३०० चा. इन्सुलेटेड कपाच्या बाबतीत तर डोळ्यांवर मुळीच भरवसा ठेवू नका. दोन भिंतींमध्ये पोकळी असल्यामुळे बाहेरून भला मोठा दिसणारा काचेचा कप आत जेमतेम ८० मिलीचा असू शकतो. फोटो पाहून ऑर्डर करणाऱ्यांची इथेच फसगत होते.

मोठा कप घेऊन अर्धाच भरला तर काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. दोन गोष्टी बिघडतात. पहिली चवीची. कप मोठा असला की दूध वाढतं, हे ठरवून होत नाही, आपोआप होतं. अर्धा रिकामा कप बघून हात आखडता घेणं जिवावर येतं. ४० मिली शॉटला १२५ मिली दूध असेल तर कॉफी समोर येऊन बोलते, २८० मिली दुधात तोच शॉट पार हरवतो. मग माणूस बियांना दोष देतो, ग्राइंडरला दोष देतो.

दुसरी उष्णतेची. इन्सुलेशन भिंतीतून जाणारी उष्णता अडवतं, वरच्या उघड्या तोंडातून जाणारी नाही. उघड्या कपातली गरम कॉफी वाफेवाटे पृष्ठभागावरूनच भरपूर उष्णता गमावते. रुंद कपाच्या तळाशी पसरलेली थोडीशी कॉफी म्हणजे पृष्ठभाग मोठा आणि ऐवज लहान, ती निवणारच. व्हॅक्यूमचा महागडा कपही तिथे फारसं काही करू शकत नाही, वर झाकण नसेल तर.

आणि कप स्वतः उष्णता पितो, हे फार कमी लोक लक्षात घेतात. थोडा हिशेब करू. ७० अंशांचा ४० ग्रॅमचा शॉट, आणि खोलीच्या तापमानाचा, समजा २५ अंशांचा, २०० ग्रॅम वजनाचा जाड सिरॅमिक मग. इतकं सिरॅमिक एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता आणि ४० ग्रॅम कॉफी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता जवळपास सारखीच भरते. तो मग पूर्ण तापला असं धरलं तर दोघांची गाठ मध्यावर पडते, आणि कॉफी पन्नाशीच्या खाली येते, तीही पहिला घोट घेण्याआधी. दुहेरी काचेच्या छोट्या कपात कॉफीला फक्त आतली भिंत तापवायची असते. ती ४० ग्रॅमची धरली तर कॉफी साठीच्या वर राहते. लहान शॉटसाठी इन्सुलेटेड कपाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो: पहिल्या अर्ध्या मिनिटात तो कॉफीकडून कमी उष्णता मागतो. कॉफी तासभर गरम ठेवणं हा भाग एस्प्रेसोला लागूच नाही, तो दोन-तीन मिनिटांत संपतो. तरीही कप गरम पाण्याने विसळून घ्याच, कुठलाही असो. मशीनवर ठेवून इन्सुलेटेड कप नीट तापत नाही, कारण खालून येणारी उष्णता त्याची पोकळीच अडवते. आत गरम पाणी ओतून अर्धा-एक मिनिट थांबणं हाच उपाय.

काच की स्टील? झाकणाशिवाय, घरात बसून प्यायचं असेल तर दुहेरी काच. त्यात थर दिसतात, क्रेमा दिसतो, ओठांना काठ पातळ लागतो. बहुतेक काचेच्या कपांत दोन भिंतींमध्ये नुसती हवा असते, व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे स्टीलइतकी उष्णता ते धरत नाहीत. १५-२० मिनिटांत संपणाऱ्या कॉफीला ते पुरेसं आहे. धातूच्या चमच्याने आत जोरात ढवळू नका, आणि बर्फाची कॉफी संपली की लगेच उकळतं पाणी ओतू नका. काम करता करता अर्धा-पाऊण तास लाटे पीत बसायची सवय असेल तर झाकणाचा व्हॅक्यूम स्टीलचा कप घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, तो कॉफी ज्या तापमानाला मिळेल त्याच तापमानाला धरून ठेवतो. दूध ६० अंशांच्या आसपास थांबवलं तर लगेच पिता येतं आणि गोडीही राहते. ७० च्या पुढे गेलं की उकळलेल्या दुधाची चव येते, आणि स्टीलच्या कपात ती तुमच्यासोबत बराच वेळ राहते. अमेरिकानो, म्हणजे गरम पाणी घातलेला एस्प्रेसो, याच कपात केलात तर वरून उकळतं पाणी ओतू नका, थोडं निवलेलं घ्या, नाहीतर बराच वेळ तोंड लावता येणार नाही.

आता ज्या गोष्टीवर गाडी हमखास अडते ती: उंची. घरगुती मशीनमध्ये पोर्टाफिल्टरच्या (कॉफीची पूड भरायच्या दांडीवाल्या गाळणीच्या) तोटीखाली ड्रिप ट्रेपर्यंत, म्हणजे कप ठेवायच्या जाळीपर्यंत, जागा बेताची असते, पुष्कळ मशीनमध्ये ८-१० सेंटिमीटर. खाली वजनकाटा ठेवून शॉट काढत असाल तर त्यातले दोनेक सेंटिमीटर गेले. ३५० मिलीचा टंबलर १२-१४ सेंटिमीटर उंच असतो, तो तिथे शिरणारच नाही. मग शॉट वेगळ्या भांड्यात काढून ओतावा लागतो, आणि त्यात उष्णता जाते, क्रेमा भांड्यालाच चिकटून राहतो. पट्टी घ्या आणि काटा जागेवर ठेवून तोटीपर्यंतची उंची मोजा. तुमचा कप त्यापेक्षा निदान एक सेंटिमीटर कमी उंचीचा हवा. तोटी नसलेला, बुडाशी उघडा पोर्टाफिल्टर वापरत असाल तर दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचे मिळतात. पण मग धार अधूनमधून आडवी उडते, म्हणून कपाचं तोंड रुंद हवं. दोन तोट्यांचा पोर्टाफिल्टर असला तरी तेच. आतून ६ सेंटिमीटरपेक्षा अरुंद तोंडात दोन्ही धारा नीट पडतील का, हे रिकामा कप तोटीखाली धरून बघा.

दुधावर नक्षी काढायची असेल तर कपाचा तळ आतून गोलाकार आणि तोंड पसरट हवं. उंच सरळ नळकांड्यासारख्या कपात दुधाचा जग पृष्ठभागाच्या जवळ नेता येत नाही, दूध खाली बुडतं आणि पांढरा आकार वर उठत नाही. इन्सुलेटेड कपांत असे गोल तळाचे कमी आहेत, पण १८०-२०० मिलीत मिळतात.

बर्फाच्या लाटेचा हिशेब वेगळा: ४० मिली शॉट, १५० मिली दूध, १२० ग्रॅम बर्फ. बर्फ पाण्यापेक्षा थोडी जास्त जागा घेतो, त्यामुळे एकूण ३२० मिली. ढवळायला जागा धरून ३५०-४०० चा कप. तुम्ही म्हणताय तो ३५० चा कप इथे कामाला येईल. हा शॉट वेगळ्या भांड्यात काढून वरून ओतला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे उंचीची अडचण उरत नाही.

झाकणाचा कप घेतलात तर झाकणातली सिलिकॉनची रिंग निघते का ते आधी बघा. दुधाची कॉफी त्या रिंगच्या मागे जाऊन बसते आणि वरवर धुऊन वास जात नाही. रिंग रोज काढून धुवा आणि वेगळी वाळवा. दुधाची कॉफी बंद स्टीलच्या कपात कोमट होऊन तासन्तास पडू देऊ नका, त्या कोमटपणात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तास झाले असतील तर ओतून द्या.

तुमचा शॉट किती ग्रॅमचा निघतो, दूध किती घेता आणि तोटीखाली किती सेंटिमीटर जागा आहे, हे खाली लिहिलंत तर तुमच्यासाठी नेमका आकडा काढून देतो.