संगणक शंका-समाधान : इंडेक्स रिबिल्ड केव्हा करावे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर असून दर रविवारी रात्री सगळे इंडेक्स (नोंदी लवकर शोधून देणाऱ्या सूच्या) रिबिल्ड करण्याची, म्हणजे नव्याने बांधण्याची, प्रथा जुनी आहे. आता या कामाला चार तास लागतात आणि लॉग फाइलही (बदलांची नोंद ठेवणारी फाइल) फुगते. एका रविवारी ते राहून गेले, तर सोमवारी व्याजाचा अहवाल फारच रखडला. मग रिबिल्ड दर आठवड्याला करणे आवश्यक आहे का?

उत्तर : सोमवारचा अहवाल रखडला हे खरे असले, तरी त्याचा दोष विस्कळीत इंडेक्सचाच असेल असे नाही. रिबिल्ड करताना त्या इंडेक्सची स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा विखुरला आहे याचा गोषवारा) संपूर्ण टेबल वाचून नव्याने तयार होतात आणि क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची हे सर्व्हर त्यांच्याच आधारे ठरवतो. त्यामुळे ज्याचे श्रेय रिबिल्डला दिले जाते, ते पुष्कळदा ताज्या स्टॅटिस्टिक्सचे असते. येत्या रविवारी रिबिल्ड न करता अहवालातील टेबलांची स्टॅटिस्टिक्स तेवढी फुलस्कॅनने (संपूर्ण टेबल वाचून) अद्ययावत करून पाहावी. अहवाल वेळेत निघाला, तर चार तासांचे काम काही मिनिटांवर येईल. उलट, रिबिल्डनंतर नमुना घेऊन स्टॅटिस्टिक्स अद्ययावत करणारी पायरी तुमच्या आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये असेल, तर ती आधी काढावी. संपूर्ण वाचनातून मिळालेली माहिती ती पुसून टाकते. अशी जोडी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

फ्रॅगमेंटेशन, म्हणजे इंडेक्सच्या पानांचा (डेटा साठवण्याच्या ८ केबीच्या कप्प्यांचा) क्रम विस्कटण्याचे प्रमाण, ५ ते ३० टक्के असल्यास रिऑर्गनाइझ (आहे तीच पाने क्रमाने लावणे) आणि त्यापुढे रिबिल्ड, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. परंतु ज्यांनी हे आकडे दिले, ते मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन अभियंते पॉल रँडल यांनीच ते केवळ आरंभापुरते अंदाजाने दिले होते, असे पुढे स्पष्ट केले आहे. शिवाय पानांचा क्रम बिघडल्याचा त्रास फिरत्या डिस्कवर जितका जाणवतो, तितका एसएसडीवर जाणवत नाही. हजारापेक्षा कमी पाने असलेल्या इंडेक्सचा तर विचारही करू नये.

पाहायचे ते पाने किती भरलेली आहेत. ८ केबीचे पान अर्धेच भरलेले असले, तरी ते मेमरीत पूर्ण जागा अडवते आणि तोच डेटा वाचण्यासाठी दुप्पट पाने चाळावी लागतात. पानांच्या भरणाची सरासरी खूप घसरली असेल, विशेषतः इंडेक्सची ‘की’ (ज्यावर क्रम लागतो तो स्तंभ) म्हणून यादृच्छिक जीयूआयडी (एकमेव ठरणारी लांबलचक ओळख-संख्या) वापरल्याने पाने सतत दुभंगत असतील, तर त्या एका इंडेक्सचे रिबिल्ड जरूर करावे. तुमची आवृत्ती एंटरप्राइझ नसेल, तर ऑनलाइन रिबिल्डची सोय मिळत नाही, म्हणून शाखा बंद असतानाची वेळ निवडावी. लॉग फुगण्याचे कारण फुल रिकव्हरी मॉडेल असावे, कारण त्यात संपूर्ण रिबिल्डची नोंद होते. मोजकेच इंडेक्स निवडले की तेही आटोक्यात येईल.

प्रश्न : आमचा पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस नव्या लिनक्सवर हलवायचा आहे. तेव्हा रीइंडेक्स करावे का?

उत्तर : येथे मात्र मोजमापाचा प्रश्न नाही. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत मजकूर लावण्याचा अक्षरक्रम बदलला. जुन्या आवृत्तीवरील डेटा फाइल जशाच्या तशा तिच्यावर नेल्या आणि क्रम ग्लिबसीचाच वापरला, तर मजकुराच्या स्तंभांवरील इंडेक्स, नोंद प्रत्यक्षात असूनही, ती ‘नाही’ असे सांगू शकतात. म्हणून असे सर्व इंडेक्स वापरकर्त्यांना प्रवेश देण्यापूर्वीच पुन्हा बांधावेत.