'स्त्रीपार्टी', 'ड्रॅग' आणि 'भूमिगत चित्रपट'

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'कॉकेट्स' या नाट्यसमूहाने १९७१ साली केलेल्या 'ट्रिशियाज वेडिंग' या चित्रपटाला मराठीत 'स्त्रीपार्टी नटांचा भूमिगत चित्रपट' म्हणावे का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते हे दोन्ही शब्द वाचकाला भलतीकडे नेतात.

'स्त्रीपार्टी' म्हटले की बालगंधर्व आठवतात, आणि समोर पुरुष उभा आहे याचा प्रेक्षकाला विसर पाडणे हेच त्यांच्या कलेचे सामर्थ्य होते. त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. हिबिस्कस नावाने ओळखल्या जाणाऱ्या नटाभोवती १९६९ मध्ये जमलेल्या कॉकेट्सचा रोख नेमका उलट होता. दाढी तशीच ठेवून तिच्यावर चमकी लावायची, जुनेपाने झगे आणि पिसे अंगावर चढवायची आणि सोंग हे सोंगच दिसू द्यायचे, ही त्यांची रीत. शिवाय समूहात स्त्रियाही होत्या, आणि त्यांना 'स्त्रीपार्टी' म्हणण्याला अर्थच उरत नाही. आपल्याकडे याच्या अधिक जवळ जाते ती तमाशाच्या गौळणीतली मावशी, कारण ती साकारणारा पुरुष आपला पुरुषीपणा झाकत नाही आणि त्यातूनच थट्टेला धार येते. पण मावशी ही एक ठरलेली भूमिका आहे, तर ड्रॅग, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या वेशाचे संकेत मुद्दाम अतिरंजित करून घेतलेले सोंग, ही सादरीकरणाची संपूर्ण पद्धत आहे, म्हणून 'ड्रॅग' हाच शब्द ठेवणे मला योग्य वाटते.

इंग्रजी 'अंडरग्राउंड'साठी सुचवलेल्या 'भूमिगत' शब्दाला मराठीत बेचाळीसच्या चळवळीचा आणि साताऱ्याच्या पत्री सरकारचा इतिहास चिकटलेला आहे. त्यातून पोलिसांपासून दडलेली व्यक्ती किंवा कृती सूचित होते. हा चित्रपट दडलेला नव्हता. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची कन्या ट्रिशिया हिचा विवाह १२ जून १९७१ रोजी व्हाइट हाउसच्या गुलाबबागेत झाला, त्याचेच हे विडंबन असून त्यात पाहुण्यांच्या पेयात एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे मादक द्रव्य मिसळले जाते आणि समारंभाचा बोजवारा उडतो. ते प्रेक्षकांना उघडपणे दाखवले गेले. उलट ते व्हाइट हाउसमध्ये अधिकाऱ्यांनी गुपचूप पाहिल्याचे निक्सन यांचे सल्लागार जॉन डीन यांनी आठवणींत नमूद केले आहे. येथे 'अंडरग्राउंड' म्हणजे स्टुडिओंचा पैसा आणि वितरण यांच्याबाहेर घडलेले, एवढेच.

प्रस्थापित समाजाचे संकेत नाकारणाऱ्या त्या काळच्या तरुणांच्या 'काउंटरकल्चर'साठी 'प्रतिसंस्कृती' हा शब्द रुळलेला आहे, तो अवश्य वापरावा. आणि लांबी सुमारे अर्ध्या तासाची असल्याने 'प्रतिसंस्कृतीतील कॉकेट्स या ड्रॅग समूहाचा अंडरग्राउंड लघुपट' असे लिहावे.