सरकार नको म्हणता, मग एफआरपी कशाला?

प्रश्न: तुम्ही नेहमी लिहिता की सरकारनं लोकांच्या धंद्यात नाक खुपसू नये. मग उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान दर, सरकारनं ठरवायची, १४ दिवसांत पैसे द्यायला सरकारनंच लावायचं, हे बरं चालतं तुम्हाला?
– एक ऊसवाला, शिरोळ तालुका

उत्तर: दादा, बोट बरोबर जागेवर ठेवलंत, पण दोन गोष्टींची गल्लत होतीय. १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे आधी घ्या. माल घेतला तर पैसे टाका, एवढंच ते. बुडवणाऱ्याकडनं वसुली करून देणं हे सरकारचंच काम, मी कधी नको म्हटलोय? 

दर ठरवणं मात्र मला खरंच पटत नाही, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेला) क्विंटलला ३५५ रुपये ठरवले, हे दिल्लीत बसून कुणी का ठरवावं. पण ते आज काढा असंही म्हणणार नाही, कारण आधी तुमचे हात बांधलेत ते कोण सोडणार? नोंद एका कारखान्याला, मग कारखान्याचा चिटबॉय तोडणीची पाळी कधी सांगतोय म्हणून वाट बघायची, तोडणी टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्यायचे, ट्रॅक्टरवाल्यालाही एंट्रीचे पैसे द्यायचे आणि तवर इकडं उसाला तुरे येऊन वजन घटतंय. विकणाऱ्यानंच माल उचला म्हणून पैसे मोजायचे, असला धंदा दुसरा दाखवा मला! हे होतं कारण गिऱ्हाईकं कमी. केंद्राच्या १९६६ च्या आदेशात दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटरचं अंतर ठेवायची अट आहे, आपल्या राज्यानं ते २५ केलं, तेही हवाई, म्हणजे सरळ रेषेत मोजलेलं. २०१२ ला केंद्रानंच नेमलेल्या रंगराजन समितीनं ही अट काढा म्हणून सांगितलं, २०१३ ला लेव्ही साखर (कारखान्यांनी सरकारला स्वस्तात द्यायची ती) गेली पण अंतराचं राज्यांवर सोडलं, आणि राज्यात कारखाने कुणाचे आहेत ते शिरोळकराला मी काय सांगू.

तुमच्याकडं तर पलीकडं कर्नाटकातले कारखाने आहेत म्हणून जरा ओढाओढ होते आणि दर चढतो. तर २०२३ च्या सप्टेंबरात ऊस परराज्यात न्यायलाच बंदी घातली होती, आठवतंय? बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांत मागं घेतली. म्हणजे कारखान्याला ऊस कमी पडू नये म्हणून तुमचा ऊस तुम्ही कुठं विकायचा ते मंत्रालय ठरवणार. माझा राग ह्याच्यावर आहे. आधी अंतराची अट जाऊ दे, गुऱ्हाळ, खांडसरी (छोटे देशी साखरवाले), कारखाना सगळ्यांना बांधावर येऊन बोली लावू दे, मग एफआरपीचं बघू. उलट्या क्रमानं केलं तर तुम्ही मेला आणि माझ्यासारखे लेख लिहीत बसले.

प्रश्न: राजारामपुरीत मिसळीचं छोटं हॉटेल काढतोय, कामाला चौघं. दुकानाचं लायसन काढायला एजंट बरेच पैसे सांगतोय. द्यावेत का?
– नवा मालक

उत्तर: एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा. २०१७ च्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यात, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, २० पेक्षा कमी कामगार असले तर नोंदणी लागतच नाही, धंदा सुरू केल्याची माहिती ऑनलाईन कळवली की झालं. खाण्याचा धंदा म्हणून अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं घ्यावं लागतंय, तेही घरबसल्या होतं. कटाला तेवढी तर्री व्यवस्थित ठेवा.